टेंभुर्णीकर सरांनी हात वर केला

खरं सांगायचं तर राधाकृष्ण टेंभुर्णीकरांनी हात वर केला होता तो पंखा बंद करा, एवढंच सांगायला.

हिंगोलीत शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं. पंखा बरोब्बर त्यांच्या टाळूवर, आणि मान आधीच धरलेली. पुढे विस्तार अधिकारी प्रियदर्शनी मॅडम पडद्यावर गोल, बाण आणि हसरी मुलं दाखवत होत्या. विषय होता ‘प्राथमिक गणितासाठी मिश्र अध्ययन’. म्हणजे असं, की वर्गातली निम्मी मुलं टॅबवर आपापल्या कुवतीप्रमाणे गणितं सोडवणार, निम्मी गुरुजींजवळ बसणार, आणि मग अदलाबदल. कुणाला काय येतं आणि कोण कुठं अडलंय, ते टॅब ओळखतो आणि ज्याला त्याला त्याच्या मापाचं गणित देतो. शिंपी नाही का ज्याच्या त्याच्या मापाचा सदरा शिवतो, तसं.

“तर मग आपल्याकडे हा प्रयोग पहिल्यांदा करून कोण दाखवणार?” मॅडमनी विचारलं. नेमक्या त्याच क्षणी टेंभुर्णीकरांच्या मानेतून कळ निघाली आणि हात वर गेला.

“शाब्बास, टेंभुर्णीकर सर!”

टाळ्या एवढ्या जोरात वाजल्या की पंख्याचं राहूनच गेलं. इतका वेळ खाली बघत बसलेले सगळे शिक्षक आता कौतुकानं त्यांच्याकडे बघत होते. पैलतीरी सुखरूप पोचलेली माणसं पुरात उतरलेल्याकडे बघतात ना, त्या कौतुकानं.

घरी कळमनुरीला आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, फक्त पंख्याचा भाग गाळून. कालिंदीबाई पतसंस्थेत कारकून होत्या. गाळलेला भाग ओळखणं हे त्यांचं रोजचंच काम.

“तुम्ही स्वतःहून हात वर केलात?”

“मग! कुणीतरी पुढाकार घ्यायला नको?”

“मान कशी आहे आता?” असं विचारून त्या तेल गरम करायला आत गेल्या.

शेजारचे शेषराव मात्र भलतेच खूश झाले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नसे, फक्त माणूस लागे. “राधाकिसन, एक ध्यानात ठेव,” ते कुंपणावरून म्हणाले, “मशीनचं अन् नव्या सुनेचं सारखंच असतं. पहिल्या हप्त्यात काहीच बोलायचं न्हाई. आपोआप रुळते.”

टेंभुर्णीकरांची शाळा डोंगरकडा गावाहून आत, जांभळवाडीला. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातल्या दुसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे चार वर्ग आणि एक टेंभुर्णीकर. पहिलीला ‘क’ गिरवायला लावून तिसरीकडे वळावं, तर चौथीत मारामारी सुरू झालेली असे. मनातल्या मनात त्यांनी मान्य केलं होतं, की पंख्यानं का होईना, भलं काहीतरी घडलंय. टॅब जर खरंच मुलांना शिकवणार असतील, तर शिक्षक म्हणून निदान एक पूर्ण वाक्य तरी आपल्याला बोलता येईल.

टॅब आले. नवेकोरे, पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत. मुलं पिशव्यांचाच वास घेत बसली. टेंभुर्णीकरांनी नारळ फोडला, टॅब सुरू केला, आणि टॅबनं पहिला प्रश्न त्यांनाच विचारला: ओटीपी सांगा.

ओटीपी जात होता बालाजीरावांच्या मोबाइलवर. हे आधीचे मुख्याध्यापक. त्यांची बदली होऊन ते पुसेगावकडे गेले होते, पण शाळेच्या नावासमोर अजून नंबर त्यांचाच. बालाजीराव माणूस देवासारखा. अडचण एवढीच, की देवासारखाच संपर्काबाहेर. त्यांच्या शेतात फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर रेंज येई.

“हां, आला बघा,” बालाजीराव कठड्यावरून ओरडत. “चार... सात... थांबा, चष्मा घरी राहिला... हा नऊ हाये का शून्य?”

तोवर ओटीपीची मुदत संपे. अशी मुदत बऱ्याच वेळा संपली. शेवटी बालाजीरावांच्या बायकोनं मागून आवाज दिला, “त्या मास्तरला म्हणावं इकडंच ये. हा माणूस हिरीत पडला तर मी कुनाकडं बघू?” मग टेंभुर्णीकर रविवारी मोटारसायकलवर टॅबची पिशवी बांधून पुसेगावला गेले, कठड्याशेजारी बसले आणि काम फत्ते करून आले. परत येताना मान पुन्हा धरली. पण मनात एक ऊब होती. वाटेत त्यांनी शीळसुद्धा घातली.

सोमवारी शाळेत लाईट नव्हती. वानरांनी शाळेकडे येणाऱ्या वायरीवर झोके घेतले होते आणि वायर तुटली होती. वीज मंडळात अर्ज द्यायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, “वानरांचं आमच्याकडं येत न्हाई. ते जंगल खात्याकडं.” जंगल खात्यात सांगितलं गेलं, की वानरं आमची खरी, पण वायर तुमची. शेषरावांनी कुंपणावरून कायदा सांगितला, “नैसर्गिक आपत्ती लिही. वानरं निसर्गातच येतात.” तसं लिहिलेला अर्ज परत आला. त्यावर कुणीतरी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तोवर टॅबचं चार्जिंग संपत आलं. तेव्हा मदतीला धावले तातेराव.

तातेराव शाळा समितीचे अध्यक्ष, केळीच्या बागा असलेले, आवाजानं रुंद आणि अंगानंही. तिसरीतला स्वप्निल त्यांचा नातू. “सर, काहून तकलीफ करून घेऊन राहिले? गावात लाईट हाये ना,” ते म्हणाले. “सांजच्याला एकेक टॅब एकेका लेकराच्या घरी. सकाळी भरून आणायचा. आमच्यापासून सुरुवात.”

टेंभुर्णीकरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिला ‘लोकसहभाग’ असं नाव देऊन वर कळवूनही टाकलं. तिथूनच वर्गात विचित्र प्रकार सुरू झाले.

पहिल्यांदा स्वप्निल उठला. तिसरीतलं पोरगं, पाढे जेमतेम दहापर्यंत. “सर, चक्रवाढ व्याज म्हणजे काय?”

“काय म्हणजे काय?”

“टॅब विचारून राहिलाय. म्हणतो, शाबास स्वप्निल, तू सातवीच्या पातळीवर पोचलास.”

पलीकडे चौथीची हुशार प्रतीक्षा रडायला लागली होती. टॅब तिला पडद्यावरची बदकं मोजायला सांगत होता. दोन बदकं. तिनं दोन सांगितलं की टॅब टाळ्या वाजवून तीन बदकं दाखवी. बाकीची पोरं मात्र तिच्याभोवती गोळा झाली. सगळ्यांना बदकंच हवी होती. स्वप्निलनं चक्रवाढ व्याजाच्या बदल्यात बदकं मागितली, नकार मिळाल्यावर टॅब ओढला, आणि मिश्र अध्ययनात जे मिसळायला नको होतं ते सगळं मिसळलं.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. टॅब घरी जात होते आणि घरची माणसं मुलांच्या नावानं गणितं सोडवत होती. प्रतीक्षाचा धाकटा भाऊ, वय वर्षे दोन, जिभेनं टॅब चालवायचा. बरोबर उत्तराला तारे मिळत, आणि ताऱ्यांवरून गावात चुरस लागली होती. पारावर म्हणे लोक आता पिकाबद्दल नव्हे, तर ‘तुमचं किती झालं?’ असं विचारत. एका घरात सासू-सुनेचं टॅबवरून भांडण झालं आणि अपूर्णांकांवरून समेट.

आणखी एक प्रकार होता. चौथीतली राजनंदिनी. शांत पोरगी, मागे भिंतीला टेकून बसणारी, वही आरशासारखी स्वच्छ, उत्तरं सगळी बरोबर. तिला टॅब दुसरीची वजाबाकी देत होता.

“तुझ्याही घरी कुणी खेळतं का गं?” टेंभुर्णीकरांनी विचारलं.

राजनंदिनीनं खाली बघितलं. “आजी,” ती म्हणाली.

वर्ग हसला. टेंभुर्णीकरही हसले. तिची आजी पारुबाई वजाबाकीत अडकल्यात, हे चित्र त्यांना मोठं गोड वाटलं.

पण गोडव्याला वेळ नव्हता. प्रियदर्शनी मॅडमचा निरोप आला होता: प्रयोग बघायला शुक्रवारी येते, सोबत आणखी काही शिक्षकही असतील. टेंभुर्णीकरांना शेषरावांकडे जायचं नव्हतं, पण शेषराव कुंपणाशीच होते.

“सगळं पुसून टाक,” ते म्हणाले. “मीटर गडबडलं की आमी तेच करायचो. शून्यावर आणायचं अन् म्हनायचं, नवीन बसवलं.”

टेंभुर्णीकरांनी सगळं पुसलं. नावं तीच ठेवली, पातळ्या शून्यावर, तारे साफ. वायर जोडायला शेवटी तातेरावांनीच आपला माणूस चढवला, त्यामुळे टॅब शाळेतच भरले. मग प्रत्येक मुलाला समोर बसवून त्यांनी नव्यानं चाचणी घेतली. स्वप्निल व्याजातून सुटला, त्याला पाढे मिळाले. प्रतीक्षाची बदकं गेली. सगळी पोरं आपापल्या जागी बसली, आणि टेंभुर्णीकरांच्या जिवात जीव आला.

राजनंदिनीला टॅबनं पुन्हा दुसरीची वजाबाकी दिली.

“हा टॅब बिघडलाय,” टेंभुर्णीकर म्हणाले. तिला दुसरा दिला. त्यानंही तेच केलं. आता दोन यंत्रं खोटी आणि तिची स्वच्छ वही खरी, असं धरायचं तर अवघड होतं. उलट धरणं त्याहून अवघड. मग त्यांनी सोयीचं ते धरलं: आजीनं काहीतरी असं दाबून ठेवलंय की ते पुसूनही जात नाही. शाळा सुटल्यावर ते तावातावानं पारुबाईंच्या दारात गेले.

पारुबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या.

“आजी, टॅबवर खेळायला माझी ना नाही,” त्यांनी सुरुवात केली, “पण लेकराच्या नावावर खेळलं की लेकराचं नुकसान होतं.”

“कोन खेळलं?”

“तुम्ही. वजाबाकी.”

पारुबाईंचं सूप थांबलं. “मास्तर, मला मोतीबिंदू हाये. तुमी दारात आले तर मला वाटलं दूधवाला आला. त्या काचंला मी बोट बी लावलं न्हाई. फुटली तर कोन भरून देईल? पोरगी आणायची अन् फडक्यात गुंडाळून फळीवर ठिवायची. भ्याच वाटायचं मला त्याचं, रातच्याला उजेड मारायचं.”

“मग घरात आणखी कोण असतं?”

“मी अन् ती. मायबाप तिचे कुरुंद्याला हळदीच्या कामावर. दिवाळीनंतर गेले.”

दाराच्या आड राजनंदिनी उभी होती. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. टेंभुर्णीकर भाषण तयार करून आले होते. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

“आजीचं नाव काहून सांगितलंस?” त्यांनी विचारलं. शुद्ध मराठी सुटून गावची बोली त्यांच्या तोंडी कधी आली, त्यांना समजलं नाही.

“सगळ्यांच्या घरी कोनीतरी खेळून राहिलं व्हतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, आपल्या बी घरी असंल तर बरं.”

“अन् वहीतलं?”

“प्रतीक्षाचं बघते.” मग एकदम, श्वास न घेता, “वर्गात सांगू नका, सर.”

“न्हाई सांगत,” टेंभुर्णीकर म्हणाले.

पारुबाईंनी चहा केला. टेंभुर्णीकरांना चहात साखर चालत नव्हती, तरी तो त्यांनी संपवला. दोन वर्षं ती पोरगी त्यांच्या वर्गात होती. चार वर्ग, एक माणूस, हे सगळं खरंच होतं. पण डोंगरकड्यापर्यंत गाडी चालवताना ते कारण त्यांना काही केल्या पुरेना.

शुक्रवार उजाडला. द्वारकाबाई, ज्या रोज खिचडी शिजवत, त्यांनी शाळेसमोर सडा घातला. पाहुण्यांसाठी म्हणून तातेरावांच्या बागेतून केळीचे घड आले. मॅडम आल्या, मागून चार-पाच शिक्षक मोबाइल उभे धरून आले. टेंभुर्णीकरांनी ठरल्याप्रमाणे निम्मी मुलं टॅबवर बसवली, निम्मी पाट्या घेऊन. टॅब शहाण्यासारखे वागले. पाढेवाल्याला पाढे, भागाकारवाल्याला भागाकार. मॅडमनी मान डोलावली. टेंभुर्णीकरांची छाती, बऱ्याच दिवसांनी, सदऱ्याच्या गुंड्यांना जाणवेल इतकी पुढे आली.

तेवढ्यात फाटकातून तातेराव आत आले. त्यांच्यामागे निम्मं गाव.

“सर, माझे तारे कुठं गेले?”

“तातेराव, नंतर बोलू.”

“नंतर काहून? काल शाळा सुटताना इथं येऊन नातवाचा टॅब पाह्यला तर म्हनतो, स्वप्निल, दोनचा पाढा म्हन! मी? सातवीपर्यंत गेलेला मानूस!”

“आमचे बी गेले,” मागून एक बाई म्हणाली. “माझा अपूर्णांक आता कुठं बसला व्हता.”

“हे पालक का?” प्रियदर्शनी मॅडमनी कुतूहलानं विचारलं.

टेंभुर्णीकरांना वाटलं, हो म्हणावं आणि ‘पालक सहभाग’ म्हणून खपवावं. शब्द जिभेवर आला होता. पण तातेरावांचा आवाज मध्येच खाली आला. एवढा खाली तो कुणी ऐकला नव्हता.

“मॅडम, चौथीत गणितानं शाळा सोडवली माझी. मास्तर मारायचे, मी बांधावर पळायचो. ह्या डबीनं मला एकदा बी मारलं न्हाई. चुकलं की म्हनायची, पुन्हा बघ. आता कुठं बराबर जमून राहिलं व्हतं, अन् सरांनी पुसून टाकलं.”

टेंभुर्णीकरांनी हात जोडले. “तातेराव, चुकलं माझं. तुमच्या नावाचं खातं वेगळं उघडतो. शाळा सुटल्यावर येत जा.” मग मॅडमकडे वळून त्यांनी, आपल्या मानेचा विचार न करता, सगळं सांगून टाकलं. वानरं, टॅब घरी जाणं, तारे, बदकं, पुसणं. राजनंदिनीचं तेवढं नाही सांगितलं. पंख्याचं मात्र सांगितलं. इतक्या दिवसांचं ते ओझं होतं.

मॅडमनी डायरी मिटली. “मग आज नेमकं काय दाखवणार आहात?”

खरोखर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण टेंभुर्णीकरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. इतका गोंधळ चालला होता, तरी टॅबवरच्या पोरांनी मान वर केली नव्हती. पहिली गुंतली होती, तिसरी गुंतली होती, चौथीत मारामारी नव्हती. नोकरीत पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

“पाच मिनिटं द्या,” म्हणून ते ओसरीवर गेले. राजनंदिनी तिथं एकटीच बसली होती. पाटीवर बावन्न वजा सतरा, आणि उत्तर पंचेचाळीस. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं सातातूनच दोन काढले होते. बाजूला केळीचे घड होते. टेंभुर्णीकरांनी एक फणी उचलली.

“ही दहाची फणी,” ते म्हणाले.

“फणीत दहा नसत्यात, सर,” राजनंदिनी म्हणाली. बागेच्या गावची पोरगी. “चौदा हायेत.”

“मग चार काढ.”

चार काढली. ती तातेरावांनी खाल्ली. पुढच्या फणीची वरची केळी मॅडमसोबत आलेल्या शिक्षकांनी खाल्ली, आणि कुणालाही काही कळायच्या आत ओसरीवर दहा-दहाच्या पाच फण्या आणि दोन सुटी केळी मांडून झाली. बावन्न.

“आता मला सतरा दे. सात सुटी आधी.”

“सुटी दोनच हायेत.”

“मग?”

ती बघत राहिली. हात पुढे आला, मागे गेला. मागे तातेराव काही सांगायला तोंड उघडणार, तोच मॅडमनी त्यांना खूण करून थांबवलं. राजनंदिनीनं एक फणी उचलली, मांडीवर घेतली आणि एकेक केळं तोडून सुट्यांत टाकलं. सात सरांना दिली. मग एक अख्खी फणी दिली. उरलेलं बोटानं मोजलं, दोनदा.

“पस्तीस,” ती म्हणाली. पाटीवरचं पंचेचाळीस तिनं तळहातानं पुसलं.

मॅडम तिथंच पायरीवर बसल्या. “टेंभुर्णीकर सर, हे तुमच्या नियोजनात नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“हं,” मॅडम म्हणाल्या आणि सुट्यांतलं एक केळं सोलायला घेतलं.

जिल्ह्याला दाखवायचं प्रात्यक्षिक शेवटी दुसऱ्या शाळेला गेलं. तिथल्या गुरुजींचा फोटो पेपरात आला, गुच्छासकट. टेंभुर्णीकरांनी तो पेपर घडी करून उशीखाली ठेवला आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. शेषराव कुंपणावरून म्हणाले, “फोटोत काय असतं, राधाकिसन?” त्यानं आणखीच वाईट वाटलं. कालिंदीबाईंनी उशीखालचा पेपर काढला, त्यावर निवडायला मेथी पसरली, आणि त्यांनाही पुढ्यात बसवलं.

शाळेत मात्र टॅब चालू राहिले. सकाळी पोरं, दुपारनंतर तातेराव, जे आता स्वतःच्या नावानं पाचवीत होते. पोरं टॅबवर असली की राजनंदिनी ओसरीवर येई. आधी खरी केळी, मग पाटीवर काढलेली, मग नुसते आकडे. एका सकाळी तिनं स्वतःच पाटी पुढे केली.

“मोठं द्या, सर.”

टेंभुर्णीकरांनी लिहिलं, तीनशे वजा एकशे अठ्ठेचाळीस. लिहिल्यावर त्यांचं त्यांनाच वाटलं, घाई झाली. खोडायला हात पुढे केला, तर तिनं पाटी मागे ओढली.

“सुटं एक बी न्हाई,” ती पुटपुटली. “फणी बी न्हाई.”

आत पहिलीतलं कुणीतरी रडायला लागलं. टेंभुर्णीकर उठले नाहीत.

राजनंदिनीनं तीनच्या आकड्यावर खडू टेकवला आणि वर बघितलं.

“सर,” ती म्हणाली, “आता घडच तोडावा लागंल.”